आधी इथे कोण होतं?

बाई, तुमच्या तासाला रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्या ऐकताना आम्ही बाकं वाजवायचो. १७५१ मध्ये अलीवर्दी खानाशी तह झाला आणि नागपूरची सत्ता थेट कटकपर्यंत पोहोचली! तुमचा मात्र एकच प्रश्न असायचा, "आधी इथे कोण होतं?"

गोंड राजा बख्त बुलंदने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं, बाहेरून कष्टकरी शेतकरी बोलावले. भोसल्यांच्या काळात गोंड राजे नावापुरते उरले. १८०३ मध्ये कटक इंग्रजांकडे गेलं, १८५४ मध्ये नागपूरही.

आता शहराची वेस बेसाला आली आहे. इथे फ्लॅट घेताना जुन्या सातबाऱ्यावर एका शेतकऱ्याचं नाव वाचलं. सही करताना तुमचा प्रश्न आठवला, बाई. सही केली, पण ते नाव अजून विसरले नाही.