मॅथ्यूज अरीना

मॅथ्यूज अरीना (मूळ नाव: बॉस्टन अरीना) हे अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यातील बॉस्टन शहरात, सेंट बोटॉल्फ मार्गावर उभारलेले बंदिस्त क्रीडागृह होय. ते १६ एप्रिल १९१० रोजी खुले झाले. अखंड वापरात राहिलेल्या, आइस हॉकीच्या जगातील सर्वांत जुन्या क्रीडागृहांमध्ये त्याची गणना होत असे. डिसेंबर २०२५ मध्ये ते खेळांसाठी बंद झाले.

पार्श्वभूमी

आइस हॉकी हा प्रत्येकी सहा खेळाडूंच्या दोन संघांत बर्फावर खेळला जाणारा खेळ आहे. यात चेंडूऐवजी कठीण रबराची चकती वापरतात. तिला 'पक' म्हणतात. सुरुवातीला हा खेळ गोठलेल्या तळ्यांवर होत असे. हवा उबदार झाली की सामना रद्द करावा लागे. भारतात शिमला येथे १९२० मध्ये सुरू झालेले उघडे मैदान आजही अशा नैसर्गिक थंडीवरच मुख्यतः विसंबून आहे.

बंदिस्त क्रीडागृहात जमिनीखालील नळ्यांतून अतिशीत द्रव खेळवला जातो आणि वर पाण्याचे पातळ थर देऊन बर्फ तयार केला जातो. या सोयीमुळे सामन्यांचे वेळापत्रक आधी ठरवणे व तिकिटे विकणे शक्य झाले. व्यावसायिक आइस हॉकीची वाढ या सोयीवर अवलंबून होती.

इतिहास

डिसेंबर १९१८ मध्ये लागलेल्या आगीत इमारतीचे मोठे नुकसान झाले. पुनर्बांधणीनंतर १ जानेवारी १९२१ रोजी ती पुन्हा खुली झाली.

१९२४ मध्ये बॉस्टन ब्रुइन्स हा राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये दाखल झालेला पहिला अमेरिकी संघ ठरला. त्याने १ डिसेंबर १९२४ रोजी येथेच आपला पहिला सामना खेळून मॉन्ट्रियल मरून्स संघावर २–१ असा विजय मिळवला. १९२८ मध्ये शहरात बॉस्टन गार्डन हे बरेच मोठे क्रीडागृह सुरू झाले आणि ब्रुइन्स तिकडे गेले.

बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाचा घरच्या मैदानावरील पहिला सामनाही ५ नोव्हेंबर १९४६ रोजी येथेच झाला. सामन्यापूर्वी चक कॉनर्स या खेळाडूच्या हातून बास्केटची फळी फुटल्याने खेळ उशिरा सुरू झाला. शिकागो स्टॅग्सने तो ५७–५५ असा जिंकला. कॉनर्स पुढे अभिनेता म्हणून प्रसिद्ध झाले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या न्यू इंग्लंड व्हेलर्स या हॉकी संघानेही आरंभीचे काही सामने येथे खेळले.

विद्यार्थ्यांचे क्रीडागृह

व्यावसायिक संघ गेल्यानंतरही ही वास्तू टिकून राहिली, ती प्रामुख्याने शाळा-महाविद्यालयांच्या खेळामुळे. हार्वर्ड विद्यापीठ, बॉस्टन कॉलेज, बॉस्टन विद्यापीठ आणि नॉर्थईस्टर्न विद्यापीठ या चार संस्थांमधील 'बीनपॉट' स्पर्धा डिसेंबर १९५२ मध्ये प्रथम येथे भरली व हार्वर्डने ती जिंकली. ही स्पर्धा आजही दरवर्षी होते, मात्र दुसऱ्या वर्षापासूनच ती मोठ्या क्रीडागृहात हलवण्यात आली.

१९७९ मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठाने ही वास्तू विकत घेतली. विद्यापीठाचे माजी विद्यार्थी व देणगीदार जॉर्ज मॅथ्यूज आणि त्यांच्या पत्नी होप यांच्या सन्मानार्थ १९८२ मध्ये तिला सध्याचे नाव देण्यात आले. पुढे विद्यापीठाचे पुरुष व महिला आइस हॉकी संघ आणि पुरुष बास्केटबॉल संघ येथे खेळत राहिले.

अखेर

शतकाहून जुन्या या इमारतीचे आयुर्मान संपत आल्यामुळे ती पाडून त्याच जागी नवे क्रीडासंकुल बांधण्याचा निर्णय विद्यापीठाने घेतला. १३ डिसेंबर २०२५ रोजी नॉर्थईस्टर्न व बॉस्टन विद्यापीठ यांच्या पुरुष संघांमध्ये येथील अखेरचा हॉकी सामना झाला. नव्या संकुलातही आइस हॉकीसाठी बर्फाचे मैदान असेल. मात्र ब्रुइन्स आणि सेल्टिक्स या दोन्ही संघांनी आपल्या वाटचालीचा आरंभ जिथे केला, ती मूळ वास्तू त्यामुळे इतिहासजमा होणार आहे.