जुळणें, सामावणें आणि रुजणें

महोत्सवाच्या स्मरणिकेंत मंदिराची पायाभरणी, घंटेची स्थापना व पूर्वींच्या धर्मगुरूंचीं चरित्रें यांस मानाचें स्थान असावें हें योग्यच होय, आणि तें कार्य इतर लेखकांनीं केलें आहे. आम्हीं येथें एक लहानसा विषय घेतला आहे. परक्या भूमींतून आलेला मनुष्य किंवा धर्म नव्या देशीं नांदूं लागतो, तेव्हां त्या नांदण्यास कोणता शब्द लावावा? प्रश्न वरवर शब्दांचा दिसतो. परंतु आपल्या इतिहासाचा पुष्कळसा उलगडा त्यांत आहे.

मराठींत या अर्थाचे शब्द थोडेथोडके नाहींत. ‘जुळवून घेणें’ म्हणजे येणाऱ्यानें आपल्या चालीस मुरड घालणें. तें कधीं मनाविरुद्धही असतें. ‘रुळणें’ यांत काळाचें काम अधिक. नवी सून सासरीं रुळते, ती एका दिवसांत नव्हे. ‘सामावून घेणें’ या शब्दांत भार यजमानावर पडतो. घरांतल्यांनीं सरकून जागा करावयाची असते. ‘विरघळणें’ म्हणजे आलेल्याचें वेगळेपण मुळींच न उरणें. आणि ‘रुजणें’? बीं आपल्या जातीचेंच राहतें, पण रस त्या मातीचा घेतें. हे शब्द एकमेकांच्या जागीं घातल्यास काय होतें, तें इतिहासच सांगेल.

संत फ्रान्सिस झेवियर इ. स. १५४९ मध्यें जपानांत उतरले. परमेश्वरासाठीं तेथील लोकांच्या परिचयाचा शब्द हवा, म्हणून त्यांनीं प्रारंभीं ‘दाइनिची’ हें नांव योजिलें. पुढें तें बौद्धांच्या शिंगोन पंथांतील महाबुद्धाचें नांव आहे असें त्यांस कळून आलें. तेव्हां तें टाकून ‘देउस’ हाच युरोपीय शब्द त्यांनीं जपानी वळणानें चालविला. शब्द ओळखीचा घेतला तर जुना अर्थ सोबत येतो. परका घेतला तर अर्थ निर्भेळ राहतो, पण शब्द ओसरीवरच उभा राहतो. हा पेंच पुढें प्रत्येक धर्मप्रचारकापुढें आला.

येशूसंघाचे निरीक्षक अलेस्सांद्रो वालिन्यानो १५७९ मध्यें जपानला पोहोंचले. परदेशी धर्मगुरूंनीं तेथील भाषा व शिष्टाचार शिकलेच पाहिजेत, असा त्यांनीं आग्रह धरला. या धोरणास ‘आकोमोदासियो’ हें लॅटिन नांव आहे. ‘योग्य, सोयीचा’ अशा अर्थाच्या विशेषणापासून तें निघालें. आपलें ‘जुळवून घेणें’ त्याच्या जवळचें. १६०६ मध्यें मदुरेस गेलेले फादर रोबेर्तो दे नोबिली यांनीं काषाय वस्त्र धारण केलें, शाकाहार पत्करला आणि तामिळ व संस्कृत यांचें अध्ययन केलें. जानवें व शेंडी हीं कुळाचीं चिन्हें असल्यानें नवख्रिस्त्यांनीं तीं ठेवावीं, असें त्यांचें प्रतिपादन होतें. वाद रोमपर्यंत गेला व १६२३ मध्यें पोप पंधरावे ग्रेगरी यांनीं अनुमति दिली. तथापि निःपक्षपातानें हेंही सांगितलें पाहिजे कीं, या मार्गांत जातिभेदाशींही जुळवून घेतलें गेलें. उच्चवर्णीयांसाठीं व इतरांसाठीं निरनिराळे प्रचारक नेमिले गेले. जुळवून कशाशीं घ्यावें आणि कशाशीं घेऊं नये, हा विवेक त्या शब्दांत आपोआप येत नाहीं.

वालिन्यानो जपानांत पोहोंचले त्याच वर्षीं इंग्लंडच्या विल्टशायर प्रांतांतले थॉमस स्टीफन्स गोव्यास आले. १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत सुमारें चाळीस वर्षें ते तेथेंच राहिले. १६१६ मध्यें प्रसिद्ध झालेलें त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ सुमारें अकरा हजार ओव्यांचें आहे. त्यांनीं ओवी घेतली, पुराणाची श्रोता-वक्त्याची रीत घेतली, स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हटलें, प्रभूस ‘तारक’ म्हटलें. मात्र बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांचीं नांवें परकींच ठेविलीं. झेवियरांपुढील पेंच त्यांनीं एकाच नियमानें सोडविला नाहीं. प्रत्येक शब्द पारखून घेतला. यास आम्ही ‘रुजणें’ म्हणूं.

त्याच भूमींत उलट उदाहरणही घडलें. १६८४ च्या फर्मानानें गोव्याच्या व्हाइसरॉयांनीं लोकांस तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याची आज्ञा केली. यास जुळवून घेणें म्हणतां येणार नाहीं; यास ‘लादणें’ हाच शब्द. फर्मान इतिहासजमा झालें आणि कोंकणी माजघरांत टिकली. उत्तर कोंकणांत १७३९ मध्यें वसई मराठ्यांकडे गेली, पोर्तुगीज सत्ता ओसरली; तरी ख्रिस्ती घरांत श्रद्धाही राहिली आणि मराठी बोलीही राहिली. जें रुजलें होतें तें सत्तेच्या आधारावांचून जगलें.

रोमचें मत सदैव एकच होतें असें नाहीं. लोकांच्या चालीरीति धर्म व नीति यांच्या विरुद्ध नसतील तर त्या बदलावयास लावूं नयेत, अशी सूचना १६५९ मध्यें धर्मप्रसार परिषदेनें दिली. पुढें १७४४ मध्यें पोप चौदावे बेनेडिक्ट यांनीं मलबारी रीतींवर निर्बंध कायम केले. त्यासंबंधीची प्रचारकांची शपथ १९४० मध्यें रद्द झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ मध्यें उपासनेंत लोकभाषेस द्वार उघडलें, आणि १९६९ मध्यें पंचांगप्रणाम, आरती इत्यादि बारा गोष्टींस भारतांत मान्यता मिळाली. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९७९ मध्यें ‘इन्कल्चरेशन’ हा नवा शब्द आपल्या पत्रांत वापरला. त्याच्या गाभ्यांतील लॅटिन धातूचा मूळ अर्थ जमीन कसणें असा आहे. नांगर धरलेल्या आपल्या वाडवडिलांस तो समजावून सांगावा लागला नसता.

आतां आपल्याविषयीं. ‘नाताळ’, ‘पाद्री’, ‘क्रूस’ हे शब्द सागरापलीकडून आले आणि मराठीच्या विभक्तिप्रत्ययांखालीं असे रुळले कीं, ते परके आहेत हें कोणास आठवतही नाहीं. मराठीनें त्यांस सामावून घेतलें. आज आपल्या धर्मग्रामांत पोटापाण्यासाठीं दूरदूरचीं कुटुंबें येतात. त्यांची बोली वेगळी, भक्तिगीतें वेगळीं, सणाचें जेवणही वेगळें. “त्यांनीं आमच्याशीं जुळवून घ्यावें,” असें आम्हीं वारंवार ऐकतों. अर्धे काम त्यांचें आहे, हें खरें. उरलेल्या अर्ध्या कामाचें नांव सामावून घेणें, आणि तें आपलें आहे. मिस्साच्या बांकावर आपण सरकल्यावांचून तें होणार नाहीं.

दुसऱ्या बाजूस आपलीं मुलें शहरांत व परदेशीं जात आहेत. त्यांनीं तेथें जुळवून घ्यावें, रुळावें, तेथील लोकांच्या उपयोगीं पडावें. आम्ही त्यांस अडविणार नाहीं. पण घरीं मराठींत रोझरी म्हणणारा आवाजच बंद पडला, तर त्यांस तिकडे रुजावयास बीं कोठून मिळेल? तें त्यांच्या पदरीं बांधून देणें हें आईबापांचें काम होय, आणि तें निघण्याच्या दिवशीं नव्हे, लहानपणींच करावयाचें असतें.

प्रभु येशूनेंही गालिलांतील एका गांवची बोली आणि सुताराचा धंदा आपलासा केला. त्याच्या कृपेनें या धर्मग्रामांत आलेल्यास जागा मिळो आणि येथून गेलेल्यास मूळ लाभो, हीच या महोत्सवप्रसंगीं आमची प्रार्थना.