१६ मार्च : खगोलनिरीक्षक कॅरोलिन हर्शेल यांचा जन्मदिन

जर्मनीतील हॅनोव्हर येथे १६ मार्च १७५० रोजी जन्मलेल्या कॅरोलिन हर्शेल यांना दहाव्या वर्षी टायफस हा तीव्र ज्वर झाला आणि त्यानंतर वाढ खुंटून त्यांची उंची जेमतेम सव्वाचार फूट राहिली. मुलीचे लग्न जमणार नाही, असे मानून घरच्यांनी तिला घरकामाला जुंपले. १७७२ मध्ये थोरले बंधू विल्यम यांनी त्यांना इंग्लंडमधील बाथ येथे नेले. तेथे त्या गायिका म्हणून पुढे आल्या, पण विल्यम यांच्या दुर्बिणींनी दोघांचेही आयुष्य व्यापले. दुर्बिणीच्या धातूच्या आरशाला झिलई देताना हात काढून चालत नसे. अशा एका प्रसंगी ते काम सलग सोळा तास चालले आणि कॅरोलिन भावाला घास भरवत राहिल्या. १७८३ च्या अखेरच्या रात्री बर्फात घसरून लोखंडी आकडा त्यांच्या पायात रुतला, तरी बऱ्या होताच त्या निरीक्षणांकडे परतल्या.

त्यांना केवळ भावाची मदतनीस म्हणणे अन्यायाचे आहे, कारण १ ऑगस्ट १७८६ रोजी त्यांनी स्वतंत्रपणे धूमकेतू शोधला आणि असे एकूण आठ धूमकेतू त्यांच्या नावावर आहेत. १७८७ पासून राजा तिसरा जॉर्ज यांनी त्यांना वार्षिक ५० पौंड वेतन दिले. विल्यम यांच्या निधनानंतर हॅनोव्हरला परतून त्यांनी तेजोमेघांची, म्हणजे आकाशात धूसर दिसणाऱ्या ज्योतींची, सुमारे २,५०० नोंदींची सूची नव्याने लावली, जिच्यासाठी १८२८ मध्ये लंडनच्या खगोलशास्त्रीय सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. ९ जानेवारी १८४८ रोजी वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.