नव्याण्णव हजार आणि चौदाशे : महाराष्ट्र व त्याचे शेजारी यांच्या प्राचीन तुलनेविषयीं कांहीं विचार

(१)

महाराष्ट्र व त्याच्या शेजारचे देश यांच्या प्राचीन भूवर्णनाचा विचार करूं लागलें म्हणजे मुख्यतः दोन प्रकारचीं साधनें हातीं येतात. एक, शिलालेख व ताम्रपट यांत देशनामांस जोडून येणाऱ्या ग्रामसंख्या. दुसरें, परदेशी यात्रेकरूंचे वृत्तांत. पहिल्यांत आंकडा असतो, पण भूमि व हवा यांविषयीं सहसा कांहीं नसतें. दुसऱ्यांत भूमि, हवा व लोकस्वभाव यांचें वर्णन असतें, पण लोक किती हें नसतें. या दोहोंची सांगड घालून देशादेशांची तुलना करण्याचा मोह सहज होतो. आम्हांसही तो झाला. ऐहोळेच्या लेखांतील ग्रामसंख्या हा महाराष्ट्राच्या दाट वस्तीचा पुरावा होय, असें आम्हीं तीस वर्षें वर्गांत शिकविलें. ती शिकवण निराधार होती असें आतां वाटतें. तें कां, हें येथें मांडावयाचें आहे.

(२)

प्रथम यात्रेकरूची साक्ष घेऊं. ह्यूएनत्संग हा इ. स. ६२९ मध्यें चीनांतून निघाला व ६४५ मध्यें परतला. पुढच्याच वर्षीं त्याचा वृत्तांत सिद्ध झाला. ज्यूलियें यांनीं १८५७-५८ मध्यें फ्रेंचांत आणि बील यांनीं १८८४ मध्यें इंग्रजींत केलेल्या भाषांतरांमुळें तो आपल्याकडील अभ्यासकांस सुलभ झाला. या ग्रंथाचा मोठा गुण त्याच्या ठराविक सांच्यांत आहे. देश कोणताही असो, बहुतेक एकाच क्रमानें मजकूर येतो : देशाचा परिघ, राजधानीचा परिघ, जमीन, पीक, हवा, लोकांचा स्वभाव, विहार व भिक्षु, शेवटीं देवालयें.

महाराष्ट्राचा परिघ तो ६,००० ली देतो. राजधानीचें नांव देत नाहीं. तिच्या पश्चिमेस मोठी नदी आहे, एवढेंच सांगतो. जमीन सकस, हवा उष्ण, लोक साधे पण मानी, उपकार स्मरणारे व अपमानाचा सूड घेणारे. विहार शंभरांहून अधिक व भिक्षु सुमारें ५,०००. येथून वायव्येस नर्मदा ओलांडून भरुकच्छास गेलें कीं चित्र पालटतें. परिघ २,४०० ते २,५०० ली. जमीन खारट, झाडझाडोरा विरळ. हवा उष्ण व वाऱ्याची. लोक समुद्राचें पाणी आटवून मीठ करितात आणि त्यांची मिळकत सागरावरच अवलंबून. विहार दहा-बारा, भिक्षु ३००. त्यापुढें मालव : परिघ पुन्हां ६,००० ली, जमीन सुपीक, लोक सौम्य व विद्याप्रिय, भिक्षु २०,०००. नैर्ऋत्येस मालव व ईशान्येस मगध हे दोन देश विद्येकरितां प्रसिद्ध आहेत, असाही त्याचा अभिप्राय आहे. वलभीचा परिघही तितकाच. वस्ती दाट आणि कोट्यधीशांचीं घरें शंभरावर.

(३)

ही साक्ष मोलाची असली तरी तिजवर किती भार घालावा याचा विचार केला पाहिजे. मालव, महाराष्ट्र व वलभी या तिघांचा परिघ एकच कसा, ही पहिली शंका. हे आंकडे मोजणीचे नसून ऐकीव व ढोबळ आहेत हें उघड आहे. दुसरें, ली म्हणजे किती? परंपरेचें योजन ४० लींचें, भारतांतील व्यवहाराचें ३० लींचें आणि धर्मग्रंथांतील १६ लींचें, असे तीन पक्ष ह्यूएनत्संग स्वतःच नोंदवितो. कनिंगहॅम यांनीं १८७१ च्या आपल्या प्राचीन भूगोलांत सुमारें सहा लींचा एक मैल धरला. इतरांनीं निराळे हिशेब केले. ज्याचें माप तीन प्रकारचें, त्यावरून क्षेत्रफळ काढूं नये.

भिक्षुसंख्येवरूनही लोकसंख्या निघत नाहीं. भरुकच्छाचे ३०० भिक्षु हे तेथील विहारांच्या आश्रयदात्यांविषयीं सांगतात, बंदरांतील नावाडी व मीठकरी यांच्या संख्येविषयीं नव्हे. शिवाय यात्रेकरूचें ‘कोंकणपुर’ म्हणजे आपलें कोंकण असें समजून कित्येक लेखक फसले आहेत. तो द्रविड देशांतून वायव्येकडे तेथें गेला व पुढें २,४००-२,५०० ली अरण्यांतून चालून महाराष्ट्रांत आला. या मार्गावरून तें स्थान दक्षिणेंत कोठें तरी घाटमाथ्यावर पडतें. त्याचें वर्णन सह्याद्रीखालच्या पट्टीस लावतां येणार नाहीं.

(४)

आतां लेखांतील संख्या पाहूं. ऐहोळे येथील मेगुटी देवालयांतील शक ५५६ (इ. स. ६३४-३५) च्या प्रशस्तींत रविकीर्ति म्हणतो कीं दुसरा पुलकेशी हा ९९,००० गांवांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपति झाला. हा आंकडा तिहींचा मिळून कीं प्रत्येकीं, हें व्याकरणानें निश्चित होत नाहीं. विशेषण दोन्ही प्रकारें लागतें. आम्ही येथें मिळून हाच सौम्य पक्ष घेतों. उलट, उत्तर कोंकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांत, उदाहरणार्थ छित्तराजाच्या शक ९४८ च्या भांडुप येथील पटांत, पुरी ही जिची मुख्य अशा १,४०० गांवांचें कोंकण येतें. दक्षिण कोंकणास गोव्याच्या कदंबांच्या लेखांत ९०० ही संख्या आहे. दोन्ही मिळून २,३००.

पूर्वीं आमचें अनुमान असें होतें कीं देशावर सकस जमीन म्हणून गांव दाट, व कोंकणांत डोंगर, रान व खाजण म्हणून विरळ. अनुमान गोड आहे. पण भूमीवर तपासून पाहिलें कीं टिकत नाहीं. आजच्या महाराष्ट्र राज्याचें क्षेत्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेंत त्यांतील गांव सुमारें ४३ हजार होते. म्हणजे सरासरी सात चौरस किलोमीटरांस एक गांव. याच क्षेत्रांत ९९,००० गांव बसवावयाचे तर तीन चौरस किलोमीटरांस एक पडेल. उत्तर कोंकण पहा. ठाणें, पालघर व रायगड हे आजचे तीन जिल्हे मिळून सुमारें १६,७०० चौरस किलोमीटर भरतात व तेथें तीन हजारांहून अधिक गांव आहेत. म्हणजे साडेपांच चौरस किलोमीटरांहूनही कमी क्षेत्रास एक. सारांश, आजच्या गणनेप्रमाणें कोंकणांत गांव अधिक दाट आहेत आणि लेखांतील संख्यांप्रमाणें देशावर कितीतरी पटींनीं दाट ठरतात! तीन महाराष्ट्रकांत कोंकण धरावें असें म्हणणारा पक्ष घेतला तरी अडचण सुटत नाहीं. क्षेत्रानें आजच्या राज्याच्या सुमारें दशांश असलेल्या कोंकणास ९९,००० पैकीं चाळिसावा हिस्सा देखील येत नाहीं.

(५)

या विरोधाचीं आम्हांस दोन कारणें दिसतात. पहिलें असें कीं, ‘ग्राम’ हा शब्द सर्वत्र एकाच वस्तूचा वाचक नाहीं. महाबळेश्वरीं वर्षास साडेपांच हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून घाट उतरून पूर्वेस वाईस आलें कीं त्याचा सातवा-आठवा हिस्साच उरतो. कोंकणांत पाणी जागोजाग असल्यामुळें घरें वाड्यावाड्यांनीं आपापल्या भाताच्या कुणग्यांपाशीं पसरतात. देशावर नदी किंवा विहीर धरून सारा गांव एका गांवकुसाच्या आंत येतो. दहा वाड्या मिळून एक गांव मोजावयाचा कीं दहा, हें मोजणाऱ्याच्या हातीं असतें.

दुसरें कारण अधिक बळकट आहे. या संख्या पुष्कळ वेळां गणना नसून नांवें असतात. बनवासी १२,०००, गंगवाडी ९६,०००, नोळंबवाडी ३२,०००, कुंडी ३,००० हे आंकडे राजवंश पालटले तरी शतकानुशतकें तसेच राहतात. चोळांचे लेख तर रट्टपाडीस साडेसात लक्ष म्हणतात. युद्धें झालीं, दुष्काळ पडले, रानें तुटलीं, तरी एक गांव कमी किंवा अधिक होत नाहीं; हें जिवंत देशाचें लक्षण नव्हे. आरंभीं कधीं तरी कांहीं मोजलें गेलें असेल. तें गांव होते कीं उत्पन्नाचें कांहीं परिमाण, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. पुढें ती संख्या देशाच्या नांवास बिरुदाप्रमाणें चिकटली. आणि रविकीर्तीचा लेख तर प्रशस्ति. शिलाहारांचा त्यानंतर चार शतकांनीं लिहिलेला दानपट. हात निराळे, काळ निराळा, हेतु निराळा. अशा दोन संख्या एका तराजूंत घालणें हीच आमची चूक होती.

ह्यूएनत्संगाचें मोल येथें कळतें. त्याचे परिघ टाकून द्यावे. पण सकस आणि खारट, दाट आणि विरळ हे त्याचे शब्द एकाच माणसानें, एकाच यात्रेंत, एकाच सांच्यांत लिहिले आहेत. शेजारी देशांची तुलना करण्यास आंकडा लागतोच असें नाहीं. मोजणारा हात एक लागतो.

(६)

आंकडाच हवा असेल तर तो आपल्या संग्राहकांच्या घरीं आहे. परगण्यांचे देहझाडे, म्हणजे गांवांच्या याद्या, यांत कसबा कोणता, मौजे किती, मजरे कोणत्या गांवाखालीं, बुद्रुक व खुर्द वेगळे धरले कीं एक, बेचिराख किती, हें एकाच कारकुनाच्या हातानें लिहिलेलें असतें. घाटावरील व घाटाखालील परगण्यांचे एकाच काळचे देहझाडे शेजारीं ठेवले तर ‘गांव’ या शब्दाचा अर्थ कोठें कसा पालटतो हें समजेल, आणि मग जुन्या संख्यांकडे उलट जातां येईल.

परंतु हेच कागद प्रथम नष्ट होतात. कांहीं वर्षांपूर्वीं एका सद्गृहस्थांनीं आपल्या घरचें दप्तर आम्हांस मोठ्या आदरानें दाखविलें. शिक्क्यांचीं पत्रें, सनदा, महजर सारें नीट बांधलेलें होतें. देहझाड्यांविषयीं विचारतां ते म्हणाले, “गुरुजी, त्यांत नुसतीं गांवांचीं नांवें होतीं, तीन रुमाल रद्दींत दिले.” आम्हीं त्यांस दोष दिला नाहीं. नुसतीं नांवें काय उपयोगाचीं, हें त्यांस आधीं सांगावयास आम्हीं गेलों नव्हतों. आज तें सर्व संग्राहकांस सांगत आहों : शिक्का नसलेला रुमालही सोडून पहावा, आणि नुसत्या गांवांच्या नांवांची यादी सांपडल्यास ती सनदेच्या शेजारीं ठेवावी.