हरितगृह वायू आणि अमेरिकी काँग्रेस: अधिकार कोणाचा?

१/ १९७० साली ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’ संमत झाला, तेव्हा अमेरिकी काँग्रेससमोर शहरांवर दाटलेल्या धुरक्याचा प्रश्न होता. तरीही लोककल्याणावरील परिणामांच्या यादीत तिने ‘हवामान’ हा शब्द घातला. कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा घालणारी स्वतंत्र तरतूद मात्र केली नाही.

२/ २ एप्रिल २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निर्णय दिला: हरितगृह वायू याच कायद्यानुसार ‘वायुप्रदूषक’ आहेत. डिसेंबर २००९ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजेच ईपीएने, त्यांच्यापासून जनतेच्या आरोग्यास व कल्याणास धोका असल्याचे जाहीर केले.

३/ काँग्रेसला स्वतःचा मार्ग आखता आला असता. जून २००९ मध्ये वॅक्समन-मार्की विधेयक प्रतिनिधिगृहात २१९–२१२ असे निसटते संमत झाले. सिनेटमध्ये त्यावर मतदानच झाले नाही.

४/ जून २०१० मध्ये सिनेटर लिसा मुरकोव्स्की यांनी ईपीएचा निष्कर्ष रद्द करण्याचा ठराव मांडला. एवढा दूरगामी निर्णय लोकप्रतिनिधींनी घ्यावा, अधिकाऱ्यांनी नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद. विज्ञानाधारित निष्कर्ष मतदानाने खोडता येत नाही, हे विरोधकांचे उत्तर. ठराव ४७–५३ असा फेटाळला गेला.

५/ एप्रिल २०११ मध्ये ईपीएचा हा अधिकार काढून घेणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने २५५–१७२ ने संमत केले. सिनेटमध्ये त्याच आशयाची दुरुस्ती ५०–५० वर अडली. ६० मते आवश्यक होती.

६/ काँग्रेसने नवा कायदा केला नाही आणि जुना अधिकारही काढला नाही. अखेर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६–३ ने म्हटले: वीजकेंद्रांबाबत इतका व्यापक अधिकार काँग्रेसने स्पष्ट शब्दांत दिलेलाच नाही. सभागृहाने टाळलेल्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने दिले.