आयर्नब्रिज

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील सेव्हर्न नदीकाठचे गाव आणि तेथील बिडाचा पूल. गावाला नाव पुलावरून मिळाले. मोठ्या आकाराचा, संपूर्ण ओतीव लोखंडाचा असा हा जगातील पहिला पूल. बांधकाम 1779 मध्ये उभे राहिले व 1 जानेवारी 1781 रोजी तो रहदारीस खुला झाला.

पूल येथेच होण्याला कारण होते. शेजारच्या कोलब्रुकडेलमध्ये अब्राहम डार्बी (पहिला) याने 1709 मध्ये लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून झोतभट्टीत लोखंड गाळले. त्याचा नातू अब्राहम डार्बी (तिसरा) याने पुलाचे भाग ओतले. आराखडा टॉमस प्रिचर्ड या वास्तुकाराचा. पूल पाहण्याआधीच 1777 मध्ये तो वारला. खर्च अंदाजाच्या फार पुढे गेला व डार्बी कर्जात बुडाला.

कमानीचा गाळा सुमारे 30 मीटर, लोखंड सुमारे 378 टन. अभ्यासकाने खरे थांबावे ते सांध्यांपाशी. लोखंडाचा एवढा पूल जोडण्याची रीत तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हती, म्हणून कारागिरांनी सुतारकामाची रीत वापरली : एका तुकड्याच्या खाचेत दुसऱ्याचे टोक बसवायचे आणि पाचर ठोकायची. सुमारे 1,700 भागांपैकी सारखे दिसणारेही मापाने किंचित वेगळे आहेत, कारण प्रत्येक भाग त्याच्या जागेसाठी स्वतंत्रपणे ओतलेला आहे. उभारणी कशी झाली, याचे समकालीन चित्र 1997 मध्ये स्टॉकहोममध्ये सापडले. एलियास मार्टिन या स्वीडिश चित्रकाराच्या त्या जलरंगचित्राचे मोल पुष्कळ कागदपत्रांहून अधिक आहे.

1795 च्या महापुरात सेव्हर्नवरील इतर पुलांची हानी झाली. हा मात्र टिकला. त्याला धोका आहे तो पाण्यापेक्षा दरीच्या सरकत्या उतारांचा. त्यांच्या दाबाने दोन्ही काठ जवळ येतात व कमान वर उचलली जाते. 1970 च्या दशकात नदीच्या तळाशी काँक्रीटचा आधार बांधून हा दाब अडवण्यात आला. 1934 पासून वाहनांना बंदी आहे. पादचाऱ्यांकडून पथकर मात्र 1950 पर्यंत घेतला जाई. पूल व परिसर 1986 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. इंग्लिश हेरिटेजने 2017-18 मध्ये केलेल्या दुरुस्तीत जुन्या रंगाचे थर तपासून करड्या पुलाला पुन्हा मूळचा गडद तांबूस-तपकिरी रंग दिला. दक्षिण टोकाच्या टोलनाक्यावर जुना दरफलक असून, राजघराण्यातील व्यक्तींनाही पथकर माफ नसल्याचे त्यावर स्पष्ट नमूद आहे.