चंदेरी रेडिएटर

गेल्या सप्टेंबरातला शनिवार. बायको मुलीला घेऊन पार्कात गेली होती आणि मी पॉलिश पेपर घेऊन हॉलमधल्या रेडिएटरसमोर फतकल मारून बसलो होतो. आमची बिल्डिंग न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली, १९२० च्या दशकातली. रेडिएटर बिडाचा, अवजड, तेव्हापासूनचा. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी गळून खालच्या फासळ्यांवर गंज धरलेला आणि वरचा चंदेरी रंग पापुद्रे होऊन सुटलेला. हीटिंग सुरू व्हायच्या आत घासून रंगवून टाकू म्हटलं. पुण्यात आई दर दिवाळीआधी गॅलरीच्या ग्रिलला रेड ऑक्साईड मारून घ्यायची, त्यामुळे हे काम आपल्याला येतं असा माझा समज.

दहा मिनिटं घासलं असेल, तेवढ्यात बिल्डिंगचा सुपर आला. (सुपर म्हणजे आपल्याकडचा वॉचमन, प्लंबर आणि सोसायटीचा सेक्रेटरी, तिन्ही एकात.) जमिनीवरची करडी धूळ बघून तो दारातच थांबला. "बिल्डिंग किती जुनी आहे माहितीये ना? घरात बाळ आहे ना तुमच्या?"

मुलगी तेव्हा दहा महिन्यांची, रांगणारी. हात सतत तोंडात.

एक पापुद्रा लॅबला पाठवला. उत्तर आलं : शिसं आहे.

मग जे वाचत सुटलो त्यात पहिला धक्का तारखांचा होता. लहान मुलांना शिशाची बाधा घराच्या रंगातून होते, हे लॉकहार्ट गिब्सन या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरने १९०४ साली लिहून ठेवलंय. ब्रिस्बेनच्या घरांचे रंगवलेले कठडे आणि भिंती, आणि मुलांचे चिकट हात. १९२१ मध्ये घराच्या आतल्या रंगातल्या पांढऱ्या शिशाविरुद्ध आंतरराष्ट्रीय करारही झाला. अमेरिका त्यात नव्हती. उलट इथल्या शिसं विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींत डच पोशाखातला गोंडस मुलगा हातात ब्रश घेऊन उभा असायचा. न्यूयॉर्क शहराने घरांतल्या अशा रंगावर १९६० मध्ये बंदी आणली, अख्ख्या देशाने १९७८ मध्ये. गिब्सनपासून मोजली तर चौऱ्याहत्तर वर्षं! (आपणही फार फुशारकी मारू नये. भारतात ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली. आणि लोखंडाला गंजू नये म्हणून जगभर जो लाल प्रायमर मारत, तो शिशाचाच, म्हणजे आपला मारुतीचा शेंदूर.)

दुसरा प्रश्न मात्र माझ्यातल्या इंजिनियरला छळत होता. चंदेरीच का? इथल्या जुन्या घरांत बघावं तिथे रेडिएटर चंदेरी नाहीतर सोनेरी. मी समजत होतो, तेव्हाची आवड.

आवड नव्हती, तो पॅच होता.

आमच्याकडची वाफेची व्यवस्था एका पाईपची. वाफ त्याच पाईपने येते आणि पाणी होऊन त्याच पाईपने परत जाते. त्यामुळे रेडिएटरची चावी एकतर पूर्ण उघडी नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट ठेवली तर आत पाणी तुंबतं आणि मध्यरात्री पाईपवर कोणी हातोडा मारतंय असे आवाज येतात. म्हणजे उष्णता कमी-जास्त करायची सोयच नाही. त्यात हे रेडिएटर मुळातच खोलीच्या मानाने मोठे. हीटिंगच्या इतिहासाचे अभ्यासक डॅन होलोहन याचं कारण सांगतात ते असं : १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर मोकळ्या हवेचा आग्रह वाढला, आणि ऐन थंडीत खिडक्या उघड्या ठेवूनही घर उबदार राहील अशा हिशेबाने बॉयलर आणि रेडिएटर निवडले गेले. साथीची भीती ओसरली, लोकांनी खिडक्या लावून घेतल्या आणि घामाघूम झाले. बीड कापून छोटं थोडंच करता येतं?

मग लक्षात आलं की ॲल्युमिनियमचा किंवा ब्राँझचा कण असलेला रंग उष्णता कमी बाहेर टाकतो. एकूण उष्णतेत साधारण पंधरा-वीस टक्क्यांची घट. गंमत म्हणजे साध्या रंगांत काळा, पांढरा, हिरवा असा काही फरकच पडत नाही, रेडिएटरच्या तापमानाला सगळे जवळपास सारखे. आणि मोजला जातो तो फक्त सर्वात वरचा हात. खाली चंदेरीचे पाच थर असले तरी वर पांढरा मारला की उष्णता परत वाढली. हार्डवेअर बदलता येत नाही तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये निस्तरायचं, हा आमचा रोजचा धंदा. माझ्याआधी शंभर वर्षं कोणीतरी ब्रशने तेच केलं होतं :-)

असो. मधल्या तीन आठवड्यांत मला हे सगळं गमतीचं वाटत नव्हतं हे कबूल करतो. लायसन्स असलेली माणसं बोलावली. त्यांनी खोली प्लास्टिकने बंद केली, सुटलेले पापुद्रे ओले करून खरवडले, घट्ट बसलेल्या थराला हातही लावला नाही, आणि खास फिल्टरच्या व्हॅक्यूमने जमीन दोनदा स्वच्छ केली. मुलीचं रक्त तपासायला दिलं. सीडीसीची २०२१ पासूनची इशारापातळी डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम आहे, आणि शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही हेही तेच सांगतात. रिपोर्ट येईपर्यंत बायको माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. बरोबरच होतं तिचं.

रिपोर्ट आला : १ पेक्षा कमी. आईला फोन केला तर म्हणाली, "ग्रिल घासताना तुला बाहेर पाठवायचे मी, ते उगाच नाही."

प्रायमर आणि रंग मी मारला. बायकोला पांढरा हवा होता, भिंतीला शोभणारा. मी ग्राफ काढून समजावलं, तिने ग्राफकडे बघितलं नाही, पण मागच्या जानेवारीत आम्ही रात्री खिडकी उघडून झोपलो होतो ते तिला आठवलं.

ऑक्टोबरात पहिली वाफ आली तेव्हा घरभर रंगाचा वास सुटला, म्हणून खिडकी उघडावीच लागली.